बीला भूक नसते: रोपाची माती, कुंडीची माती आणि वाडीची माती

दिघीहून बोलतोय. खाडीपलीकडे आगरदांडा, समुद्राकडे मान वळवली की जंजिरा, आणि मधे फेरीबोटीचा भोंगा. रेकॉर्डिंगमध्ये तो ऐकू आला तर समजून घ्या. एसटीत रेंज गेल्यामुळे ज्यांचा भाग अर्धाच ऐकून झाला, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप.

आजचा विषय माती. म्हणजे पिशवीत मिळणारी माती. फोनवर 'पॉटिंग सॉइल' असं शोधलंत की ढिगाने पिशव्या दिसतात. बऱ्याच पिशव्यांवर 'एन्रिच्ड' असा शब्द असतो, म्हणजे खतं घालून कसदार केलेली. खाली तीन चित्रं: एक इवलंसं रोप, एक घरातली कुंडी आणि एक हिरवीगार बाग. अर्थ असा की ही एकच पिशवी घ्या, तिन्ही कामं होतील.

माझं आज एवढंच म्हणणं आहे की ही तीन कामं एकसारखी नाहीत. बी रुजवायला जी माती लागते ती कुंडीत चालत नाही, आणि कुंडीत जी चालते ती जमिनीतल्या खड्ड्यात भरली तर नुकसान करू शकते. माती किती कसदार हवी, हे झाडाच्या वयावर आणि जागेवर ठरतं. रिक्वायरमेंट न वाचता कोड लिहायला बसलं की काय होतं, ते आपल्या आयटीवाल्यांना सांगायला नको. इथेही तेच आहे.

आता कुणी म्हणेल, बाल्कनीतल्या चार कुंड्यांसाठी एवढं काय? बाल्कनीत चूक झाली तर एक मनी प्लांट जातो, दुसरा आणतो. पण आमच्या श्रीवर्धन तालुक्यात हा प्रश्न बाल्कनीचा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा होता. श्रीवर्धन, दिवेआगर, आजूबाजूच्या गावांत माड आणि पोफळी आडव्या झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या उभ्या असलेल्या वाड्या दुपारच्या काही तासांत उघड्या पडल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्याच या पोफळी.

पोफळ पुन्हा लावायची म्हणजे काय, हिशोब बघा. सुपारी रुजवायची, रोप पिशवीत वाढवायचं, बारा ते अठरा महिन्यांचं झालं की वाडीत लावायचं. तिथून पुढे फळ धरायला साधारण पाच ते सात वर्षं. म्हणजे पहिल्या वर्षी पिशवीतल्या मातीत झालेली गडबड कळायला कधीकधी अर्धं दशक जातं. तोपर्यंत पैसे गेलेले असतात, आणि वेळ तर परत मिळतच नाही. आपल्यापैकी कित्येक जण मुंबई-पुण्यात नोकरी करून घरी वाडीसाठी पैसे पाठवतात. त्यांनी हा भाग जरा लक्ष देऊन वाचावा.

पहिलं काम: बी रुजवणं

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बीला सुरुवातीला भूक नसते. तिचा डबा तिच्याबरोबर असतो. सुपारीच्या आत, नारळाच्या आत, भाताच्या दाण्यात जो गर असतो तो कोंबासाठीचाच साठा. तो संपेपर्यंत कोंबाला मातीकडून तीनच गोष्टी हव्यात: ओल, हवा आणि स्वच्छता. स्वच्छता म्हणजे बुरशी आणि तणाचं बी नसलेली माती. भरपूर खत घातलेली ओली माती बुरशीला फार आवडते. मग रोपं उगवतात, दोन दिवस छान दिसतात, आणि तिसऱ्या दिवशी देठाशी काळी पडून लोळतात. ही रोपांची मर. खत कमी पडलं म्हणून कुणी वरून आणखी खत टाकतं, आणि उरलेलीही जातात. खतातले क्षार कोवळ्या मुळांना सोसत नाहीत, त्यांच्यातलंच पाणी बाहेर खेचलं जातं.

हे ज्ञान नवीन नाही. आपल्या कोकणात भाताचा तरवा करायच्या आधी राब भाजतात, ते आठवा. शेताच्या एका तुकड्यावर शेण, टहाळ, पातेरा, गवत यांचे थर, वर थोडी माती, आणि पावसाआधी पेटवून द्यायचं. लोक म्हणतात राखेने जमीन सुधारते. बरोबर आहे, राखेत पालाश असतं. पण दुसरं कामही होतं. वरच्या थरातली माती तापते आणि तणाचं बी मरतं. भाताची कोवळी रोपं आणि तण यांची मारामारी सुरू होण्याआधीच संपते.

राब हा किती जिव्हाळ्याचा विषय होता, याचा एक पुरावा सांगतो. इंग्रजांच्या जंगलखात्याने टहाळ तोडण्यावर बंधनं आणली तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतले शेतकरी इतके संतापले, की १८८५ मध्ये सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. १८८७ च्या त्याच्या अहवालात राबाची चर्चा मोठी आहे. कुलाबा म्हणजे आजचा रायगड, हे नाव १९८१ मध्ये आलं. आमचा श्रीवर्धनचा भाग मात्र तेव्हा जंजिरा संस्थानात होता. मुद्दा असा की रोपाची माती वेगळी तयार करावी लागते, ही गोष्ट इथल्या शेतकऱ्याला भांडण्याइतकी महत्त्वाची वाटत होती.

आता याच प्रश्नावर दुसरीकडे कुणी काय केलं ते बघू. लंडनजवळ मर्टन इथे जॉन इनेस नावाची बागकाम संशोधन संस्था होती. १९३० च्या दशकात तिथले विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल एका साध्या अडचणीने हैराण होते: प्रत्येक माळी आपल्या मनाने माती कालवायचा आणि प्रयोगाची रोपं कधी जगायची, कधी मरायची. त्यांनी ठरावीक कृती शोधून काढल्या आणि १९३९ मध्ये पुस्तक काढून सगळ्यांना मोकळ्या केल्या. एक प्रकारे ओपन सोर्सच! त्यांची पहिली पायरी काय होती माहितीये? माती वाफेने तापवायची. कुठे राब आणि कुठे मर्टन, पण दोघांनीही आधी माती तापवलीच.

त्यांची दुसरी पायरी जास्त कामाची आहे. त्यांनी बियांची माती आणि कुंडीची माती वेगवेगळी ठेवली. बियांच्या मातीत दोन भाग माती, एक भाग पीट, एक भाग वाळू. खत म्हणून फक्त थोडं सुपर फॉस्फेट आणि थोडी खडूची पूड. नत्र नाही, पालाश नाही. कुंडीच्या मातीत सात भाग माती, तीन भाग पीट, दोन भाग वाळू, आणि खताचे तीन टप्पे: पहिल्यात एक पट, दुसऱ्यात दुप्पट, तिसऱ्यात तिप्पट. रोप मोठं होईल तसा डोस वाढतो. लहान बाळाला पहिल्याच दिवशी कुणी वडापाव देत नाही, तसंच हे.

गंमत पुढे आहे. केरळात कासरगोडला माड-पोफळीवर काम करणारी केंद्र सरकारची संस्था आहे, सीपीसीआरआय. पोफळीच्या रोपांच्या पिशवीसाठी तिची शिफारस काय? सात भाग वरची माती, तीन भाग शेणखत, दोन भाग वाळू. तोच ७:३:२. फक्त पीटच्या जागी शेणखत.

आणि हे मिश्रण सुपारी थेट रुजवायला नाही. सुपारी आधी वाळूच्या किंवा मोकळ्या मातीच्या वाफ्यात रुजते. साधारण तीन महिन्यांनी दोन-तीन पानं आली की मग ते रोप पिशवीत जातं. पिशवी २५ बाय १५ सेंटिमीटरची. मी गणित करून बघितलं: भरल्यावर तिचा व्यास जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर होतो आणि आत दीड लिटरसुद्धा माती मावत नाही. पाण्याच्या मोठ्या बाटलीएवढ्या जागेत ते रोप वर्षभर काढणार आहे. म्हणून त्या दीड लिटरबद्दल इतकं बोलतोय.

वाळूबद्दल एक सूचना. आमच्याकडे पुळण समोरच असते, घमेलं भरून आणायचा मोह होतो. आणू नका. तिच्यात मीठ असतं. गोड्या पाण्याची, धुतलेली वाळू घ्या.

दुसरं काम: कुंडी

कुंडी म्हणजे जमिनीचा छोटा तुकडा नव्हे. तिचं पाण्याचं गणित वेगळं आहे. एक प्रयोग करा. भांडी घासायचा जाड स्पंज पूर्ण भिजवा आणि आडवा, सपाट धरा. पाणी ठिबकेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न दाबता उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली.

कुंडीत हेच होतं. पाणी गळायचं थांबलं तरी तळाशी एक थर चिंब भिजलेला राहतो. कुंडी जितकी बुटकी, तितका त्या थराचा हिस्सा मोठा. बागेतली बारीक माती तशीच कुंडीत भरली तर तो थर आणखी जाड होतो, आणि मुळं पाण्यात गुदमरतात. माती वर सुकी दिसते, आपण आणखी पाणी घालतो. तळाशी खडी टाकली की निचरा होतो, असं सगळे सांगतात. होत नाही. चिंब थर खडीच्या वर सरकतो, इतकंच. निचरा हवा असेल तर सगळीच माती भरड आणि मोकळी हवी.

म्हणून कुंडीच्या मातीत कोकोपीट आला. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरलेला भुसा. परदेशात यासाठी पीट वापरतात. ते दलदलीत शेवाळ साचून तयार होतं, आणि वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतं. ते खणून काढायचं म्हणजे हजारो वर्षांचा साठा उपसायचा. आपल्याकडे सोडणं दारात पडलेली असतात, तेव्हा या बाबतीत आपण नशीबवान.

पण कोकोपीटच्या तीन गोष्टी पिशवीवर ठळक लिहिलेल्या नसतात. एक, तो स्वतः खत नाही. वजनाच्या आठ-दहा पट पाणी धरतो, पण अन्न जवळजवळ शून्य. दोन, त्यात कार्बन खूप आणि नत्र फार कमी. कुजताना तो आजूबाजूचं नत्र ओढून घेतो, म्हणून नुसत्या कोकोपीटमध्ये पानं पिवळी पडतात. तीन, त्यात मीठ असू शकतं, कारण किनाऱ्यावरच्या नारळात सोडियम, क्लोराइड येतंच आणि कधी सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात.

मीठ तपासायला सोपी युक्ती आहे. पिण्याचं पाणी तपासायचं टीडीएस मीटर असतं ना, पेनासारखं? कोकोपीट भिजवा, पिळा, निघालेलं पाणी मोजा. मग नळाचं पाणी मोजा. दोन आकडे जवळ येईपर्यंत धुवत राहा. विहीर खारट असेल तर पावसाचं पाणी वापरा.

माझं नेहमीचं मिश्रण: एक भाग लाल माती, एक भाग धुतलेला कोकोपीट, एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत. शेणखताला शेणाचा वास येत असेल तर ते तयार नाही. कोरफड, निवडुंग असेल तर कोकोपीट निम्मा करा आणि वाळू वाढवा. पावसाळ्यात कोकणातल्या कुंडीतही कोकोपीट कमीच ठेवा. हवाच ओली असते, त्यात आणखी स्पंज कशाला?

आता 'एन्रिच्ड'चं काय? पिशवीत घातलेलं खत खरं असतं, पण ते कायमचं नसतं. रायगडच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघड्यावरची कुंडी जून ते सप्टेंबर अक्षरशः धुतली जाते. आधी नत्र जातं, पाठोपाठ पालाश. विकत घेतलेला कस भोकातून अंगणात. कसदार मातीची कुंडी पावसाळ्यात पडवीत किंवा पागोळीच्या आत ठेवा, आणि खत एकदम न देता थोडं थोडं द्या.

तिसरं काम: वाडी

इथे खर्च सगळ्यात जास्त होतो आणि गरज सगळ्यात कमी असते. लोक खड्डा खणतात आणि त्यात पिशव्यांवर पिशव्या ओततात. भुसभुशीत, काळी, सुंदर माती. रोपाला मऊ गादी मिळाली असं वाटतं.

पण तो खड्डा जांभ्यात किंवा चिकण जमिनीत असेल तर काय होतं बघा. आजूबाजूची जमीन घट्ट, मधला खड्डा स्पंजसारखा. जुलैच्या पावसात सगळं पाणी त्या खड्ड्यात येतं आणि तिथेच थांबतं. आपण नकळत जमिनीत एक बिनभोकाची कुंडी पुरलेली असते. त्यात कोकोपीट आणि खत कुजून बसतं, माती खाली जाते, रोपाचा बुंधा खड्ड्यात उतरतो. आणि मुळं त्या गादीतच घुटमळतात. बाहेरच्या कठीण जमिनीत शिरायला त्यांना कारण उरत नाही. वादळाच्या किनाऱ्यावर पोफळीची मुळं दूर पसरली नाहीत तर काय होऊ शकतं, ते मी वेगळं सांगायला हवं का?

म्हणून खड्ड्यात भरायची ती त्या जागेचीच वरची माती. पोफळीसाठी निचऱ्याच्या जमिनीत ९० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा सांगतात, दोन रोपांत साधारण २.७ मीटर अंतर. तोच मातीचा वरचा थर, त्यात शेणखत आणि वाळू कालवून अर्ध्याहून थोडा जास्त खड्डा भरायचा आणि त्यावर रोप. खोल लावलं की बुंध्याला आधार मिळतो. जमीन चिकण असेल तर खड्डा कमी खोल, पाण्याला बाहेर पडायला चर, आणि लागवड मे-जूनऐवजी पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये.

जांभ्याच्या मातीचा एक स्वभावही लक्षात ठेवा. ती लाल दिसते कारण तिच्यात लोहाची संयुगं भरपूर. ती आम्ल असते, म्हणजे तिचा सामू सातच्या खाली. अशा मातीत घातलेलं स्फुरद लोह आणि अॅल्युमिनियम धरून ठेवतात, झाडाला ते मिळतच नाही. खिशात पैसे आहेत पण यूपीआय चालत नाही, तशी अवस्था. त्यावर आणखी महाग पिशवी हा उपाय नाही. शेणखत, कंपोस्ट घालत राहणं, स्फुरद कंपोस्टमध्ये मिसळून देणं आणि तपासणीत आम्लता जास्त निघाली तर चुना, हा उपाय आहे. म्हणून आधी माती परीक्षण करा. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून याच मातीवर काम करतंय, त्यांच्या शिफारशी मराठीत मिळतात. त्या वाचा.

आणि मासळीचं खत? आमच्या गावात ते सहज मिळतं, जोरदारही असतं. वाडीत आळ्यात घाला, मातीआड करा. पण रोपांच्या पिशवीत आणि घरातल्या कुंडीत नको. मीठ, उष्णता, आणि वासाने मांजरं येतील ती वेगळीच.

दुकानात उभे असाल तर

पिशवी पुढून वाचू नका, मागून वाचा. घटक आणि त्यांचं प्रमाण लिहिलंय का? नुसतं 'पोषक द्रव्यांनी समृद्ध' लिहिलं असेल तर ती जाहिरात झाली. गांडूळखत वेगळं विकत घेत असाल तर त्याला सरकारी मोजमाप आहे: खत नियंत्रण आदेशानुसार त्यात एकूण नत्र किमान १ टक्का हवं. ते छापलेलं शोधा. मूठभर माती दाबून बघा. पाणी गळलं तर तुम्ही पाण्याचे पैसे देताय. गोळा होऊन बोट लावताच फुटला तर ठीक. लाडूसारखा घट्ट राहिला तर कुंडीला नको.

थोडक्यात, स्क्रीनशॉटसाठी:
बी: स्वच्छ, मोकळी माती, खत जवळपास नाही.
पिशवीतलं रोप: ७ माती, ३ शेणखत, २ वाळू.
कुंडी: भरड, हवेशीर, खत थोडं थोडं.
वाडी: जागेची माती, शेणखताची जोड, आणि पाण्याला वाट.

विकतच्या पिशवीशी माझं काही वैर नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने माती खणायची कुठे? कुंडीसाठी जरूर घ्या. बियांसाठी घेतलीत तर निम्मी धुतलेली वाळू किंवा कोकोपीट मिसळून सौम्य करा. वाडीसाठी मात्र ते पैसे शेणखतावर आणि चांगल्या रोपांवर लावा. बाबा किंवा काका फोनवर म्हणाले, 'अरे, आपल्याच वाडीतली माती बरी आहे,' तर निदान या एका बाबतीत त्यांचं ऐका.

तुमच्या कुंडीत किंवा वाडीत काय अडलंय ते व्हॉइस नोट करून पाठवा. पानाचा फोटो पाठवलात तर बरोबर मातीचाही पाठवा, उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. पुढच्या भागात पोफळीच्या आळ्यात पाणी कधी आणि किती, यावर बोलू. तोपर्यंत एकदा हात मातीत घालून बघा. भेटू!